चला, हाराना दुरुस्त करायला!

मेक्सिकोत वीकएंडला लोक बीच गाठतात. आम्ही मात्र एक मोडकं वाद्य डिकीत टाकून डोंगरातल्या कारागिरांचं गाव गाठलं!

मेक्सिको म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? भलीमोठी हॅट, टकीला, कानकूनचा निळाशार समुद्र आणि फार तर फ्रीडा काहलोच्या जुळलेल्या भुवया. प्रोजेक्टनिमित्त केरेतारो शहरात येऊन मला आठ महिने झाले होते आणि या यादीतलं बहुतेक सगळं मी उरकून टाकलं होतं. अशात एका गुरुवारी टीममधल्या मैत्रिणीनं कॉफी मशीनपाशी गाठलं. "आजोबांची हाराना दुरुस्त करायची आहे. गाडी माझी, पेट्रोल अर्धं-अर्धं. येतेस?"

हाराना म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. पण फुकटचा गाइड आणि अर्ध्या पेट्रोलात दोन दिवस म्हटल्यावर नाही कोण म्हणेल!

तर हाराना म्हणजे पाच तारांची छोटी गिटार. युकुलेलेची थोरली बहीण म्हणा हवं तर. ईशान्य मेक्सिकोत वास्तेका नावाचा प्रदेश आहे. सहा राज्यांत विखुरलेला, पण खाणं आणि गाणं एकच. तिथल्या संगीताला वापांगो म्हणतात. (स्पेलिंग 'एच'नं सुरू होतं, पण एच गिळायचा. ऑफिसात मी सुरुवातीला 'हुआपांगो' म्हणायचे आणि लोक हसायचे.) वापांगोचा संच फक्त तिघांचा असतो. एकाकडे व्हायोलिन, दुसऱ्याकडे हाराना आणि तिसऱ्याकडे वापांगेरा नावाची जाडजूड, आठ तारांची गिटार. व्हायोलिन सुसाट पळतं, बाकीचे दोघे खालून ताल देतात, मध्येच गायक आवाज एकदम फुटल्यासारखा वरच्या पट्टीत फेकतो आणि समोर लाकडी फळ्यांवर जोड्या टाचा आपटत नाचत असतात. 'वापांगो' या शब्दाचा मूळ अर्थच 'लाकडावर' असा सांगतात. शब्द नाहुआत्ल भाषेतला. म्हणजे अॅझ्टेक लोकांची भाषा. आपल्या रोजच्या जेवणातला टोमॅटो आणि फळवाल्याकडचा चिकू हे शब्दही तिथूनच निघालेत, हे मला तिकडे गेल्यावर कळलं.

मैत्रिणीची हाराना बघून मात्र पोटात कालवलं. मान वाकलेली, घोडी उखडलेली, पुढच्या फळीला बोटभर चीर. शहरातल्या एका दुकानदारानं तिला सरळ सांगितलं होतं, "ही भिंतीला टांगा आणि नवी घ्या. स्वस्तात पडेल." ते तिला लागलं. आजोबा नाहुआ, मात्लापाच्या बाजूच्या एका वाडीतले. आई-वडील कामासाठी मॉन्तेरेला गेले आणि ही तिथेच जन्मली, वाढली. मॉन्तेरे म्हणजे कारखान्यांचं शहर. वास्तेकाच्या खेड्यांतली पोरं फॅक्टरीत आणि पोरी घरकामाला तिथे जातात आणि रविवारी सुटीच्या दिवशी अलामेदा नावाच्या बागेत गावाकडचे लोक भेटतात. या बागेतली हिची एक आठवण पक्की आहे. शेजारच्या बाकावर कुणीतरी नाहुआत्लमध्ये बोलतंय आणि आई हळूच म्हणतेय, "तू स्पॅनिशच बोल."

शनिवारी पहाटे निघालो. केरेतारोहून १२० नंबरच्या रस्त्यानं सिएरा गोर्दाचे डोंगर ओलांडायचे. पहिले दोन-अडीच तास निवडुंगाचं वाळवंट, मग एकाएकी पाइनची थंडगार जंगलं, मग उतरताना अंगातली जॅकेट्स काढायची वेळ आणि शेवटी केळी, कॉफी, नारिंगी. वरंधा आणि आंबेनळी एकापाठोपाठ एक चारदा चढल्या-उतरल्यावर जे होतं, ते पोटाचं होतं. आल्याची गोळी जवळ ठेवा! वाटेत हाल्पानला अठराव्या शतकातलं मिशन चर्च आहे. सिएरा गोर्दातली अशी पाच चर्चेस मिळून २००३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. दर्शनी भिंतीवरची नक्षी इतकी ठासून भरलेली की आपल्याकडच्या हेमाडपंती देवळाला ती उधळपट्टी वाटावी.

पुढे हिलित्ला. इथे एडवर्ड जेम्स नावाच्या श्रीमंत इंग्रज अवलियानं जंगलात सिमेंटचे जिने, कमानी आणि फुलं उभी केली. जिने वर जातात आणि हवेत संपतात. १९८४ मध्ये तो वारला, बांधकाम तिथेच थांबलं. इन्स्टाग्रामवर दिसतं तेवढंच सुंदर आहे आणि तितकीच गर्दी. एक तास पुरे.

हिलित्लाहून खाली उतरलं की ८५ नंबरचा जुना हायवे लागतो. तामासुन्चालेच्या दिशेनं निघालं की आधी मात्लापा येतं. त्याच्या डोंगरात तेक्स्कितोते नावाची नाहुआ वस्ती आहे, तिथे अनेक घरांत वाद्यं बनतात. गिटारचं गाव म्हणून मेक्सिकोत नाव आहे ते मिचोआकानमधल्या पाराचोचं. तिथे दुकानांची रांग आहे, गिटार महोत्सव आहे आणि 'कोको' सिनेमामुळे पर्यटकही आहेत. इथे यातलं काही नाही. रस्त्यावर पाटी शोधत बसू नका. विचारत जायचं, कुत्री भुंकतात, कुणीतरी हातानं वर दाखवतं.

आम्हाला दाखवलेलं घर उतारावर होतं. पडवीत पत्र्याखाली कार्यशाळा. भिंतीला खिळ्यांवर टांगलेले पुठ्ठ्याचे साचे, तारेला लटकवलेल्या अर्धवट हाराना, खाली गुडघाभर भुसा आणि त्यात निवांत झोपलेली कोंबडी. आणि वास! ज्या लाकडापासून सिगारच्या पेट्या करतात तेच हे लाकूड. इथे त्याला सेद्रो म्हणतात, पण हा देवदार नव्हे. हा कडुनिंबाच्या कुळातला. माझं आजोळ मिरजेचं, त्यामुळे हा वास ओळखीचा वाटला, पण नक्की कुठला ते आठवेना. रात्री डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तून! मिरजेतल्या सतारीच्या दांडीचं लाकूड. तून हा याच सेद्रोचा जवळचा नातलग. एकेकाळी वनस्पतिशास्त्रज्ञ दोघांना एकाच नावाखाली लावत. म्हणजे अर्ध्या पृथ्वीवरच्या दोन गावांतल्या कारागिरांनी एकमेकांना न विचारता एकाच घराण्यातलं लाकूड निवडलं होतं.

मास्तर सत्तरीच्या आसपासचे. स्पॅनिशमध्ये या कारागिरांना लाउदेरो म्हणतात. त्यातला 'लाउद' अरबी 'अल-ऊद'वरून आला, आणि ऊद म्हणजे, पुन्हा, लाकूडच. मैत्रीण त्यांना 'माएस्त्रो' म्हणत होती, ते तिला 'पोरी' म्हणत होते. त्यांनी पहिला प्रश्न नाहुआत्लमध्ये विचारला. मैत्रिणीनं खाली बघत मान हलवली. मग त्यांनी तोच प्रश्न स्पॅनिशमध्ये विचारला, जराही नाराजी न दाखवता. असं बऱ्याचदा होत असणार. नाहुआत्ल बोलणारे २०२० च्या जनगणनेत सुमारे साडेसोळा लाख निघाले. मेक्सिकोतली ही सगळ्यात मोठी आदिवासी भाषा. तरी त्यांच्या पडवीत मॉन्तेरेहून आलेली नातवंडं अशीच मान हलवतात.

प्रश्न साधा होता. "कुणाची?"

"आजोबांची. तुमच्याच गावात बनवलेली."

त्यांनी हाराना उलटीपालटी केली, मोबाइलचा टॉर्च लावून पोटात डोकावले, डोक्याच्या आकारावरून बोट फिरवलं. "ही आमची नाही. हिदाल्गोकडची दिसते. कुणीतरी आत एक पट्टीही ठोकलीय आधी. वाईट ठोकलीय." घराण्याची गोष्ट तिथल्या तिथे निकालात! मैत्रिणीचा चेहरा पडला. ते मात्र कामाचं बोलायला लागले होते.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड निघाला. "वाजवणार कोण?"

मला वाटलं, आता काहीतरी तत्त्वज्ञान ऐकायला मिळणार. तसं काही नव्हतं. भिंतीला टांगायची असेल तर चीर चिकटवून, घोडी बसवून, पॉलिश मारून उद्या देतो. वाजवायची असेल तर पुढची फळी उघडावी लागेल, आतली वाईट पट्टी काढून नवी घालावी लागेल आणि मान बदलावी लागेल. वाकलेल्या मानेवर सूर लागत नाही, तारा दाबताना बोटं सोलून निघतात. खर्च तिप्पट, वेळ महिनाभर. त्यांना फक्त कोटेशन द्यायचं होतं.

पण मान बदलायची म्हणजे काय? आजोबांच्या अंगठ्यानं झिजून मागे जो गुळगुळीत खळगा पडला होता, तोच जाणार! वाद्य वाचवायचं तर आजोबांचा हात जातो, आणि हात वाचवायचा तर वाद्य मुकं राहतं. मैत्रीण म्हणाली, "जेवून येऊन सांगते."

मास्तरांच्या हाताखाली एक तिशीतला पोरगा काम करत होता. आम्ही थोडा वेळ त्याच्याजवळ रेंगाळलो. सेद्रोच्या अगदी पातळ पट्ट्या पाण्यात भिजवून तो तापलेल्या लोखंडी नळीवर दाबत होता. चर्र आवाज, वाफ आणि पट्टी लोण्यासारखी वळते. घाई केली तर तडकते. वळलेली पट्टी साच्यात बसवून थंड होऊ द्यायची, म्हणजे हारानाची कंबर तयार. वेराक्रूस राज्याच्या दक्षिणेला वेगळी हाराना असते, ती एकाच ओंडक्यातून कोरून काढतात. इथली मात्र गिटारसारखी, फळ्या जोडून. पुढची फळी रंध्यानं पातळ करताना तो दर काही वेळानं ती कानाजवळ धरून बोटानं टकटक करायचा, परत रंधा, परत टकटक. "किती पातळ?" विचारलं तर म्हणाला, "पुरेशी होईपर्यंत." आजीला विचारलं की 'मीठ अंदाजानं' म्हणायची, त्यातलंच हे. गोंद लावला की सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गच्च गुंडाळायच्या. क्लॅम्प नाहीत, गरजही नाही.

लाकूड कधी तोडायचं याचंही शास्त्र आहे. चंद्र 'पक्का' असताना तोडलेलं लाकूड किडत नाही म्हणतात. कोकणात बांबू तोडताना तिथी बघणारे लोक मला माहीत आहेत, म्हणून मी हसले नाही. खरी पंचाईत वेगळीच आहे. सेद्रोची बेसुमार तोड झाली, आणि २०१९ मध्ये सेद्रेला जातीच्या अमेरिकेतल्या सगळ्या झाडांचा 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत समावेश झाला. नियम अमलात आला २०२० मध्ये. ओंडके आणि कापीव लाकूड देशाबाहेर न्यायचं तर परवाना लागतो. गावातल्या कारागिराला निर्यात करायची नसते, पण चांगलं जुनं झाड मिळणं त्यालाही कठीण झालंय. हा पोरगा कॉफीच्या मळ्यात बांधाला सेद्रोची रोपं लावतोय. वाद्याच्या कामाला येईपर्यंत स्वतः पन्नाशी गाठेल, असा त्याचाच हिशेब.

तोही मॉन्तेरेहून परतलेला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये फॅक्टरीतून घरी बसवलं, तो गावी आला आणि काकांकडे शिकायला लागला. मला वाटलं, आता 'मातीची ओढ' वगैरे सांगेल. त्यानं सांगितला हिशेब. तिथे पगार जास्त, पण खोलीभाडं आणि बसभाडं जाऊन हातात उरायचं जवळपास एवढंच. "इथे भाडं नाही आणि सुपरवायझर नाही. ऑर्डरी आटल्या तर परत जाईन." अप्रेझलच्या दिवसांत आपण ऑफिसच्या जिन्यात जे बोलतो, त्याहून हे फार वेगळं नव्हतं!

ऑर्डरी सध्या तरी होत्या, भरपूर. ऑक्टोबरचा मध्य होता आणि दोन आठवड्यांवर शांतोलो आला होता. शांतोलो म्हणजे वास्तेकातला मृतांचा सण. १ आणि २ नोव्हेंबरला घरोघरी झेंडूची कमान उभारून गेलेल्या माणसांना जेवायला बोलावतात. (झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. आपल्या दसऱ्याच्या तोरणात तो पाहुणा आहे!) मुखवटे घातलेले 'वेवे', म्हणजे म्हातारे, घरोघर नाचत फिरतात आणि त्यांच्यामागे व्हायोलिन, हाराना, वापांगेरा. म्हणजे गणपतीच्या आधी पुण्यात ढोलांची पानं बदलायला जी झुंबड उडते, तीच इथे.

पडवीच्या कोपऱ्यात एक लहानशी हार्प आणि तिच्याशेजारी रबेल होतं. रबेल म्हणजे व्हायोलिनचा ठेंगणा चुलतभाऊ. हे वापांगोसाठी नाहीत, 'आयाकाश्तिनी' नावाच्या नाचाला लागतात. त्यात नाचणाऱ्यांच्या हातात खुळखुळे असतात आणि नाच देवापुढे चालतो. पर्यटक ही वाद्यं विकत घेत नाहीत आणि शहरातले वादकही नाही. हारानाला हल्ली पिकअप बसवून मागतात, हार्पला कुणी काही मागत नाही. तरी मास्तर दरवर्षी थोडी बनवतात, कारण नाचणारे गावातलेच आहेत आणि देवाचं काम 'होत नाही' म्हणून परत कसं पाठवायचं?

गंमत बघा. स्पॅनिश यायच्या आधी इथे तंतुवाद्य नव्हतंच. ओंडका पोखरून केलेला तेपोनास्तली ढोल, बासऱ्या, शंख आणि खुळखुळे, एवढाच पसारा. १५२१ मध्ये अॅझ्टेकांची राजधानी पडली. १५२३ मध्ये पेद्रो दे गांते नावाचा मिशनरी आला आणि त्यानं नाहुआ मुलांना संगीत शिकवायला घेतलं. बघता बघता इथले लोक ती वाद्यं नुसती वाजवायलाच नव्हे, बनवायलाही शिकले. आज वास्तेकात मक्याच्या देवतेची, चिकोमेशोचित्लची, पूजा व्हायोलिनशिवाय होत नाही. परकं वाद्य घरचं कसं होतं हे आपल्याला कुणी सांगायला नको. बाजाची पेटी नसलेलं कीर्तन आठवून बघा.

जेवायला मात्लापाच्या बाजारात गेलो. साकाविल! भरड मका, मिरची आणि डुकराचं मांस केळीच्या पानांत गुंडाळून रात्रभर भट्टीत ठेवतात. एक साकाविल लग्नाच्या पंगतीला पुरेल एवढं मोठं असतं, बाजारात त्यातलं आपल्याला ताटभर मिळतं. पानाचा वास थेट आपल्या पानगीचा. वर गुळाची कॉफी. इकडे उसाचा गूळ होतो, त्याला पिलोनसियो म्हणतात, शंकूच्या आकाराचा. मी दोन किलो घेतला, दिवाळीची सोय झाली. मैत्रीण मात्र ताटात नुसता चमचा फिरवत होती.

परत गेलो तेव्हा मास्तर व्हायोलिनचं डोकं कोरत होते. मैत्रीण म्हणाली, "वाजवायची आहे."

"कोण वाजवणार?"

"मी. शिकेन."

त्यांनी चाकू ठेवला, तिचा डावा हात हातात घेतला, बोटं ताणून बघितली आणि भिंतीवर पेन्सिलनं एक आकडा लिहिला. नव्या मानेची जाडी तिच्या हाताप्रमाणे. मग तिच्या देखत सुरी तापवून, सांध्यात पाण्याचे थेंब सोडत जुनी मान मोकळी केली. तासभर लागला. कुणी बोललं नाही, कोंबडी तेवढी उठून गेली. सुटलेली मान त्यांनी पुसली आणि तिच्या हातात दिली. "ही तुझी. बिलात धरत नाही."

मधल्या वेळात त्या पोरानं मला विचारलं, "तुमच्या देशात हे कोण करतं?" मी मिरजेची गोष्ट सांगितली. दीडशेहून जास्त वर्षं तिथे सतारी आणि तानपुरे बनतात, २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. रेंज फक्त गच्चीवर येत होती. म्हणून वर जाऊन सतार बनवण्याचा एक व्हिडिओ दाखवला. दांडीवर पडदे बांधताना त्यानं तो तीनदा थांबवला. भोपळा बघून तर उडालाच! "हे झाडावर उगवतं?" पंढरपूरच्या बाजूला शेतात वेलावर, म्हटलं. त्यानं काकांना खालून हाक मारली. तेही आले, चष्मा चढवून बघितलं, आणि म्हणाले, "लाकूड वाचतं की."

हाराना नोव्हेंबरच्या शेवटी मिळाली. कुरियर करत नाहीत, स्वतः यायचं. मैत्रीण एकटीच गेली, मला क्लायंट कॉल होता. पैसे देताना 'त्लास्कामाती' म्हणाली म्हणे, नाहुआत्लमध्ये थँक्यू. हल्ली मंगळवारी संध्याकाळी ती केरेतारोत एका वादकाकडे शिकायला जाते. डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडलेत आणि कीबोर्डवर टाइप करताना कुरकुर चालू असते. तीन गाणी येतात. पैकी दोन ओळखू येतात.

तुम्हाला जायचं असेल तर ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा टाळा. शांतोलोची धावपळ असते, कारागिरांना मान वर करायला फुरसत नसते. शांतोलोच बघायचा असेल तर गोष्ट वेगळी, मग हिलित्लात किंवा तामासुन्चालेत खोली खूप आधी बुक करा. रोख पैसे न्या. स्पॅनिश येणारं कुणीतरी सोबत हवंच. पोचल्यावर 'पियाली' म्हणा, नाहुआत्लमधला नमस्कार आहे, चेहरे लगेच खुलतात. फोटो विचारून काढा. वाद्य विकत घ्यायचं तर तयार मिळेलच असं नाही, ऑर्डर द्यावी लागते आणि परत यावं लागतं. तयार वाद्य देशाबाहेर न्यायला 'साइट्स'ची आडकाठी नाही, पण आठवण म्हणून लाकडाचा सुटा तुकडा बॅगेत टाकू नका. भाव करू नका. आणि वाजवणार कोण, याचं उत्तर तयार ठेवा, कारण किंमत त्यावर ठरते.